तिसऱ्या टप्प्यातली माणसं

मैत्री भावना म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं बौद्ध ध्यान. त्याच्या पाच टप्प्यांपैकी सगळ्यात अवघड कोणता, असं नव्याने बसायला लागलेल्या कुणालाही विचारा, उत्तर 'चौथा' असंच येतं. चौथ्यात ज्याच्याशी आपलं पटत नाही, ज्याचं नाव निघालं तरी कपाळाला आठी पडते, त्याचं भलं चिंतायचं असतं. जुनी मंडळी मात्र तिसऱ्याचं नाव घेतात. पहिल्या टप्प्यात स्वतः, दुसऱ्यात जिवाभावाचा मित्र, तिसऱ्यात तटस्थ व्यक्ती, चौथ्यात वैरी, आणि पाचव्यात या चौघांना सारखंच धरून पुढे वस्ती, शहर, सगळे प्राणिमात्र, असा तो क्रम आहे. तटस्थ व्यक्ती म्हणजे जिच्याबद्दल आपल्याला ना माया, ना राग. वैऱ्याचा चेहरा डोळे मिटले की लगेच हजर होतो, तो मनात मुक्कामालाच असतो. तटस्थ माणसाचा चेहरा आठवायला बसलं की मग लक्षात येतं, रोज समोर असूनही आपण त्याच्याकडे कधी नीट बघितलेलंच नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना होते आणि वंदनेनंतर आम्ही ध्यानाला बसतो. मी बरीच वर्षं जाते आहे. मन शांत होतं, चिडचिड कमी होते, हे खरंच आहे. पाली ग्रंथांत मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत आणि त्यातले पहिले तीन तर निव्वळ झोपेचे आहेत: सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. दिवसभर राबलेल्या माणसाला याहून मोठं काय हवं? पण मला सांगायचंय ते वेगळं. आपल्या मनाच्या मोजणीतून कोण कोण सुटून जातं, हे घरी एकटं बसून कळत नाही. चार माणसांत बसलं की कळतं. मला तरी ते तिथेच कळत गेलं.

विहार म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. एक हॉल, समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, भिंतीवर पंचशील ध्वज, खाली सतरंज्या, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी मागे चार प्लास्टिकच्या खुर्च्या. बहुतेक जणी पांढरी साडी नेसून येतात, पोरंबाळंही शक्यतो पांढऱ्या कपड्यांत. वंदना सकाळी न ठेवता संध्याकाळी ठेवली आहे, कारण आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी घरकाम करतात आणि रविवारी सोसायट्यांमधलं काम वाढतं. पाहुणे असतात, भांडी दुप्पट पडतात, महिन्याची साफसफाई नेमकी त्याच दिवशी निघते. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी लागू झाली. धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत ती अजून पोचायची आहे.

रविवार आणि विहार ही जोडी बाबासाहेबांच्याही मनात पक्की होती. भारतात धम्माचा प्रसार कसा करावा याची योजना मांडताना, विहारांत दर रविवारी सामूहिक वंदना व्हावी आणि तिच्यानंतर प्रवचन व्हावं, हे कलम त्यांनी आवर्जून घातलं होतं. वंदनेसाठी 'बौद्ध पूजा पाठ' ही छोटी पुस्तिकाही त्यांनी तयार केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला, जेमतेम साडेसात आठवड्यांनी, ते गेले. शिकवणारा माणूसच राहिला नाही. भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ग्रंथ पालीत. अशा वेळी लोकांजवळ काय होतं? दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा, पाठ केलेली वंदना आणि एकमेकांची सोबत. एवढ्यावर माणसं टिकली. मला रविवारच्या बैठकीचं मोल वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

त्या ६ डिसेंबरला संघरक्षित नावाचे एक तरुण इंग्रज भिक्खू नागपुरात होते. बाबासाहेब गेल्याची बातमी आली त्या रात्री सैरभैर झालेल्या जमावापुढे ते बोलले आणि पुढचे दिवस वस्त्यावस्त्यांतून धीर देत फिरले. पुण्याच्या वस्त्यांमध्ये पाच टप्प्यांची मैत्री भावना पोचली ती त्यांच्याच परंपरेतून, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने चालवलेल्या वर्गांमुळे. पद्धत मात्र फार जुनी आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे.

आता प्रत्यक्ष बैठकीबद्दल. आधी त्रिशरण-पंचशील, मग बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना. सुरुवातीला प्रत्येकाचा सूर वेगळा असतो, कुणी पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं. 'नमो तस्स' तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आवाज एका पट्टीत येतात. या प्रार्थनेत मागणं काही नाही. कुणाकडे हात पसरायचा नाही, नवस बोलायचा नाही. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याचा नेम मी स्वतः उचलते, दुसरं कुणी माझ्याकडून करून घेत नाही. मला हे फार आवडतं. पाच नेम, पाचही आपल्या तोंडाने उच्चारायचे, आणि तेही ज्यांच्याशी आठवडाभर आपला व्यवहार असतो त्यांच्या कानांदेखत. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं न बोलण्याचा नेम, म्हणताना शेजारी बसलेल्या बाईला आपण परवा काय सांगितलं होतं ते आठवल्याशिवाय राहत नाही.

मग दिवे मंद होतात, वंदना आणि ध्यान चालवणारे बौद्धाचार्य घंटा वाजवतात. थोडा वेळ नुसता श्वास, आनापानसती. नंतर मैत्री भावना. एकेक टप्पा पाच-सात मिनिटांचा. बाहेर कुठे कुकरच्या शिट्ट्या, कुठे वाढदिवसाचा डीजे, विहाराच्या पायरीवर पोरांचं क्रिकेट. कुणी उठून त्यांना दटावत नाही. पूर्वी एक-दोघे उठायचे. पण ती पोरंही पाचव्या टप्प्यात येणारच आहेत, असं बौद्धाचार्य एकदा म्हणाले आणि तेव्हापासून ते थांबलं.

पहिला टप्पा सोपा असेल असं मला वाटायचं. 'मी सुखी असो, मी निर्भय असो, माझं भलं होवो.' यात काय अवघड? ध्यानानंतर आम्ही चहा घेत थोडं बोलतो. एकदा एक मावशी म्हणाल्या की पहिल्या टप्प्यात त्या नातवाचंच नाव घेतात. साठी ओलांडलेल्या, चार घरची कामं करणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. "स्वतःचं काय चिंतायचं, ताई? लाज वाटते." मी काही बोलणार तोवर पलीकडची म्हणाली, मी पण तसंच करते, मुलीला आणते मधे. मग तिसरी. पुरुषांपैकी कुणी तसं म्हटलं नाही. सगळ्या जणी पहिल्या टप्प्यात मुकाट्याने स्वतःची जागा दुसऱ्याला देऊन बसल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच असं करतो. त्या दिवशी चहा गार झाला. बुद्धघोषांनी सुरुवात स्वतःपासून करायला सांगितली त्याला साधं कारण आहे. 'जसं मला सुख हवं, मरण नको, तसंच त्यालाही' हे ताडायला आपल्या हाताशी एकच साक्षीदार असतो, आपण स्वतः. त्यालाच वगळलं तर पुढचे टप्पे कशावर उभे राहणार? आता बौद्धाचार्य पहिल्या टप्प्याला मुद्दाम वेळ घेतात. "दोन्ही हात मांडीवर आहेत, त्या हातांकडे लक्ष द्या. आज या हातांनी काय काय केलं?" एवढंच विचारतात. बऱ्याच जणींच्या डोळ्यांना पाणी येतं.

तिसऱ्या टप्प्यासाठी मी बरेच दिवस बसचा कंडक्टर घ्यायचे, कारण तो सोयीचा होता. मग एकदा आमच्या दवाखान्यातल्या मावशी आठवल्या. मी लॅबमध्ये काम करते. लॅबबाहेरचा लांबच लांब पॅसेज त्या दिवसातून तीनदा पुसतात. मला त्यांचा चेहरा आणता येईना. डोळ्यांसमोर आले ते त्यांचे हात, पोछा पिळणारे. फिनेलच्या पाण्याने बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि पिळताना मनगटावरच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकणाऱ्या. एवढं सगळं मी बघितलेलं होतं आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. आपण त्यांना मावशी म्हणतो, मामा म्हणतो, दादा म्हणतो, आणि तेवढ्यावर आपलं नातं भागवतो. सोमवारी मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "का, काही सांडलंय का?"

हे मी पुढच्या रविवारी विहारात सांगितलं. तेव्हा एक तरुण बाई, सोसायटीत स्वयंपाकाला जाणारी, शांतपणे म्हणाली, "म्हणजे आम्ही ज्यांच्याकडे कामाला जातो, त्यांच्या तिसऱ्या टप्प्यात आम्ही येत असू ना?" कुणालाच लगेच उत्तर सुचलं नाही. मग तिनेच पुढे सांगितलं की आज तिने त्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन घेतला होता, बिहारकडचा आहे, रात्रपाळी संपवून तो जातो आणि ती कामावर येते, रोज समोरासमोर येतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. ज्याला कुणी बघत नाही त्यालाही न बघितलेलं कुणीतरी असतं. ही गोष्ट मला घरी बसून, अगरबत्ती लावून, कितीही वेळ डोळे मिटून बसले असते तरी सुचली नसती. ती त्या बाईकडूनच यायची होती.

आणि ज्या समाजातून आम्ही आलो तिथे न बघितलं जाण्याला हजारो वर्षांचा इतिहास आहे. सावलीचा विटाळ मानणं म्हणजे माणूस समोर असून नसल्यासारखा करणं. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. देव, अवतार, कर्मकांड नाकारणाऱ्या प्रतिज्ञा लोकांना तोंडपाठ असतात, भाषणांत त्यांचाच उद्धार होतो. दयेची प्रतिज्ञा तेवढी गाजत नाही. मला वाटतं ती रविवारीच गिरवायची प्रतिज्ञा आहे. नकार एका दिवसात देता येतो. दया ही सवय आहे आणि सवयीला आठवडे लागतात.

माझ्या ओळखीचे काही जण इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आले आहेत. त्यांनाही घरी रोज बसायला सांगितलेलं असतं आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला यायला सांगितलेलं असतं. यामागे काहीतरी पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण असणार. मैत्रीचं जे सगळ्यात प्रसिद्ध सुत्त आहे, करणीयमेत्त सुत्त, त्याची अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, सांगितलेली गोष्टही एकट्यादुकट्याची नाही. पाचशे भिक्खू वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर एका जागी मुक्कामाला, एका वनात गेले. तिथल्या झाडांवर राहणाऱ्या देवतांना ते नकोसे झाले आणि त्यांनी रात्री भेसूर रूपं, आवाज, दुर्गंध यांनी भिक्खूंना हैराण केलं. भिक्खू वाळले, आजारी पडले, पण कुणी कुणाला बोलेना. शेवटी एकत्र जमल्यावर थोर भिक्खूंनी विचारलं तेव्हा एकेकाने सांगितलं, मला असं दिसतं, मला असं ऐकू येतं. सगळे श्रावस्तीला बुद्धांकडे परतले. बुद्धांनी त्यांना दुसरी जागा दिली नाही. हे सुत्त दिलं आणि त्याच वनात परत पाठवलं. 'माता यथा नियं पुत्तं, आयुसा एकपुत्तमनुरक्खे', आई जशी एकुलत्या एका लेकराला जिवापलीकडे जपते तसं मन सर्व भूतमात्रांबद्दल करा, असं त्यात आहे. ही ओळ सगळे सांगतात. मला त्या गोष्टीत जास्त मोलाचं वाटतं ते आधीचं: प्रत्येकाला भीती वाटत होती आणि ती बोलल्यावरच औषध मिळालं. आमच्या पहिल्या टप्प्याचं तरी दुसरं काय झालं होतं?

चौथ्या टप्प्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. वैऱ्याबद्दल मैत्री उमलेना तर काय करायचं याचे 'विसुद्धिमग्गा'त एकामागून एक उपाय आहेत: पुन्हा आधीच्या टप्प्यावर या, त्याचा एखादा चांगला गुण आठवा, तो नसेल तर त्याची कीव करा, तुमचा राग नेमका कशावर आहे ते तपासा, केसांवर की नखांवर की हाडांवर? हे सगळं करूनही जमलं नाही तर शेवटचा उपाय, त्याला काहीतरी द्या आणि त्याच्याकडून काहीतरी घ्या. एका भिक्खूला दुसऱ्या ज्येष्ठ भिक्खूंनी तीनदा राहत्या जागेतून उठवलं होतं. त्याने आपल्या आईने दिलेलं आठ कहापणांचं (कहापण म्हणजे तेव्हाचं नाणं) भिक्षापात्र त्यांनाच दिलं आणि तिथे वैर संपलं. आमच्याकडे दोन घरांचा नळाच्या पाण्यावरून अबोला होता. दोघी दर रविवारी यायच्या आणि सतरंजीच्या दोन टोकांना बसायच्या. ही गोष्ट वाचल्यानंतर एकीने दुसरीकडे ज्वारीचं पीठ मागितलं. दिलं काही नाही, मागितलं. दुसरीने डबा भरून पाठवला. त्या मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही, पण पाण्याच्या वेळेचं आता बोलून ठरतं.

आणि आता विहारातल्या त्या मावशींचं, पहिल्या टप्प्यात नातवाचं नाव घेणाऱ्या. गेल्या वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज ग्रंथवाचन असतं तेव्हा, बौद्धाचार्यांनी 'विसुद्धिमग्गा'तला सीमा मोडण्याचा, म्हणजे आपला-परका हा भेद पुसण्याचा, भाग सांगितला. साधक एका ठिकाणी आपला आवडता माणूस, तटस्थ माणूस आणि वैरी अशा तिघांसोबत बसला आहे. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक माणूस मागतात. साधकाने 'याला न्या' किंवा 'त्याला न्या' म्हटलं तर सीमा मोडलेली नाही, हे उघड आहे. पण 'मला न्या, या तिघांना सोडा' असं म्हटलं तरीही सीमा मोडलेली नाही, असं बुद्धघोष म्हणतात. चौघांपैकी द्यावा असा एकही जेव्हा त्याला दिसत नाही, तेव्हाच मोडली.

कॉलेजात शिकणारा आमचा एक मुलगा लगेच उठला. हे त्याला पटेना. शिबी राजाने कबुतर वाचवायला स्वतःचं मांस कापून दिलं, अजिंठ्याच्या भिंतीवर ते चित्र आहे, बोधिसत्त्वाने वाघिणीला स्वतःचं शरीर दिलं, मग 'मला न्या' म्हणण्यात कमी काय? त्याचा मुद्दा खोटा नव्हता. बौद्धाचार्य विचारात पडले.

तेवढ्यात मावशी बोलल्या. "तो राजा होता, बाळा. त्याच्याजवळ द्यायला होतं. आम्ही जन्मभर हेच म्हणत आलो, मला घ्या, पोरांना सोडा. कुणी विचारायच्या आधी म्हणत आलो. ह्या पुस्तकात मलापण मोजलंय का?"

"मोजलंय, मावशी. चौघांत तुम्ही आहात."

"मग ते परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. चहाच्या वेळी मावशी बौद्धाचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या की रविवारी सहाला त्यांची शेवटच्या घरची भांडी उरकत नाहीत, त्यांची बुद्धवंदना नेहमी हुकते, तर अर्धा तास उशिरा सुरू करता येईल का? इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हात वर करून विचारलं तर आणखी सात-आठ जणींची तीच अडचण निघाली. वंदना आता साडेसहाला सुरू होते. तो मुलगा मात्र अजून हटलेला नाही. त्याने कुठून तरी जातककथांचं मराठी पुस्तक पैदा केलंय, येत्या रविवारी शिबी जातक तो स्वतः वाचणार आहे, आणि मावशींनी त्याला बजावलंय की कबुतराचं म्हणणं काय होतं तेही त्यात बघून ठेव.